पाळण्यातले परके मूल

परी म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे शुभ्रवस्त्रा, पंखांची, वर देणारी सुंदरी येते. आयर्लंडच्या खेडुतांची परी अशी नव्हती. टेकड्यांच्या पोटात राहणाऱ्या त्या अदृश्य लोकांचे नाव घेणेही धोक्याचे, म्हणून त्यांना 'भली मंडळी' म्हणत. (रात्री सापाचे नाव न घेता आपल्याकडे 'लांबडे' म्हणतात, त्यातलाच हा प्रकार.) ही भली मंडळी पाळण्यातले धडधाकट बाळ पळवतात आणि त्याच्या जागी आपल्यातलेच एखादे सुकलेले, किरकिरे, जख्ख पोर ठेवून जातात, अशी समजूत होती. अशा पोराला इंग्रजीत चेंजलिंग म्हणतात. आम्ही त्याला 'बदली मूल' म्हणू.

कॉर्क शहरात जन्मलेल्या टॉमस क्रॉफ्टन क्रोकर यांनी दक्षिण आयर्लंडमधील परीकथांचा संग्रह 1825 साली लंडनमध्ये प्रसिद्ध केला. त्यात मिसेस सलिव्हन नावाच्या बाईची गोष्ट आहे. तिचे गुटगुटीत बाळ एका रात्रीत सुरकुतते आणि अखंड रडू लागते. एक जाणती बाई तिला उपाय सांगते : त्याच्यादेखत अंड्यांच्या टरफलांची दारू गाळ, आणि ते बोलले की चुलीत लाल केलेली सळई त्याच्या घशात घाल. टरफले उकळताना पाहून पाळण्यातले पोर म्हाताऱ्याच्या आवाजात उद्गारते, की पंधराशे वर्षांच्या आयुष्यात आपण असले काही पाहिले नाही! आई सळई घेऊन धावते, पाय घसरून पडते, सळई दूर उडते. उठून पाहते तो पाळण्यात तिचे स्वतःचे बाळ शांत झोपलेले. गोष्ट मोठी गमतीची आहे. ग्रिम बंधूंच्या 1812 च्या पहिल्या संग्रहातही टरफलांची अशीच कथा येते. तेथील बदली मुलाचे डोके मोठे आणि डोळे टक लावून पाहणारे आहेत. क्रोकर यांचे पुस्तक या बंधूंना इतके आवडले की 1826 मध्ये त्यांनी त्याचा जर्मन अनुवाद काढला.

त्याच 1826 च्या जुलैमध्ये केरी परगण्यातील ट्रली येथे एक खटला चालला. मायकेल लेही नावाचा लहान मुलगा उभा राहू शकत नव्हता, चालू शकत नव्हता, बोलूही शकत नव्हता. त्याला परीबाधा झाली आहे, असे घरच्यांचे मत होते. अ‍ॅन रोश नावाच्या वृद्ध स्त्रीने त्याला तीन दिवस पहाटे फ्लेस्क नदीत बुडवून काढले. तिसऱ्या दिवशी नेहमीपेक्षा जास्त वेळ पाण्याखाली धरले. मूल मेले. मारायचे नव्हते, अंगातली परी घालवायची होती, असा तिच्या बाजूने बचाव होता. ज्यूरीने तिला निर्दोष ठरवले. क्रोकर यांच्या कथेत आईचा पाय ऐन वेळी घसरतो. फ्लेस्कच्या पाण्यात कुणाचा पाय घसरला नाही.

हे वेड एकट्या आयर्लंडचे नव्हते, आणि ख्रिस्ती समाज त्यातून सुटला होता असेही नाही. तेराव्या शतकात स्टीफन ऑफ बूर्बों या डॉमिनिकन धर्मगुरूंना फ्रान्समध्ये लियोंजवळ असे आढळले, की बायका आपली रोगट मुले एका राईत नेतात. तेथे पूज्य मानलेला 'संत गिनफोर' म्हणजे चक्क एक शिकारी कुत्रा! मूल रानातल्या भुतांनी बदलले आहे अशा समजुतीने ते झाडांच्या खोडांमधून पलीकडे देत, मेणबत्त्यांजवळ एकटे टाकून जात, मग जवळच्या नदीत नऊ वेळा बुडवत. धर्मगुरूंनी कुत्र्याची हाडे उकरून जाळली, राई तोडून जाळली. तरी त्या कुत्र्याची भक्ती पुढे कित्येक शतके टिकली.

ती का टिकली असावी? जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी प्रभूला विचारलेला प्रश्न आपल्याला ठाऊक आहे : पाप कोणाचे, याचे की आईबापांचे? बदली मुलाची कथा या प्रश्नातून आईला सोडवत होती. दोष तिच्या कुशीचा नाही, हे पोरच तिचे नाही! दमलेल्या, गावाच्या नजरा झेलणाऱ्या आईला याहून मोठा दिलासा कोणता? मात्र त्या दिलाशाची किंमत मुलाने मोजायची होती. परके ठरलेल्या पोराला भाजणे, बुडवणे, रात्रभर उघड्यावर ठेवणे हे क्रौर्य न राहता खऱ्या बाळाला परत आणण्याचा उपाय ठरे.

सुझन शून एबर्ली या अभ्यासक स्त्रीने 1988 साली एका निबंधात या कथांतील वर्णने जन्मजात व्याधींच्या लक्षणांशी ताडून पाहिली. वाढ खुंटणे, कितीही खाऊन अंग न धरणे, वेगळी चेहरेपट्टी : कथाकारांनी 'परीची' म्हणून नोंदवलेली ही चिन्हे आज बालरोगतज्ज्ञ सहज ओळखतील. म्हणजे कथा सांगणाऱ्यांची नजर पक्की होती. त्यांनी अपंग मूल नीट न्याहाळले होते. एवढे न्याहाळूनही ते आपले आहे असे मात्र त्यांना वाटले नाही.

कथेतले बदली मूल शेवटी बोलते आणि बोलल्यामुळेच पकडले जाते. मायकेलला बोलता येत नव्हते. खटल्यात साक्षी झाल्या त्या मोठ्यांच्या.