नीरेची खारी जमीन आणि दुसरे नाव

विज्ञानातील आंतरराष्ट्रीय सहकार्य म्हटले की परदेशी विद्यापीठे आणि अवाढव्य प्रयोगशाळा डोळ्यांसमोर येतात. या सहकार्याचा एक जुना व बोलका दाखला बारामती-इंदापूरच्या मातीत आहे, याकडे आमच्या मते पुरेसे लक्ष गेलेले नाही.

1876-77 च्या दुष्काळानंतर भाटघरचे धरण आणि नीरा डावा कालवा ही कामे सरकारने हाती घेतली. अवर्षणात जिराईत पिके वाचवावीत, हा मूळ हेतू. प्रत्यक्षात पाण्यामागोमाग ऊस वाढला, निचऱ्याअभावी भूजल वर चढले आणि क्षार पृष्ठभागावर साचू लागले. दुष्काळावरचा उपायच जमिनीचा रोग ठरला.

या रोगाचे निदान करणारी इंग्रजी पुस्तिका मुंबई इलाख्याच्या शेतकी खात्याने 1910 मध्ये प्रसिद्ध केली. तिचे लेखक दोन : हॅरल्ड मॅन आणि व्ही. ए. ताम्हणे. मॅन हे इंग्रज रसायनशास्त्रज्ञ. चहाच्या मळ्यांवरील संशोधन करून ते 1907 मध्ये पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. साम्राज्याच्या त्या काळात एतद्देशीय सहकाऱ्याचे नाव लेखक म्हणून छापले जावे, ही लहान गोष्ट नव्हे. ते दुसरे का, असे विचारल्यास वर्णक्रमाकडे बोट दाखवता येईल. परंतु पदक्रमही नेमका तोच होता, हे विसरता येत नाही.

मात्र या सहकार्यात तिसराही एक पक्ष होता : ज्याची जमीन नासली तो शेतकरी. मराठीत 'खारवट' आणि 'चोपण' असे दोन वेगळे शब्द आहेत. खारवट जमिनीवर पांढरा थर दिसतो. चोपण जमीन ओली असता चिकट, वाळली की टणक, आणि तिच्यात पाणी मुरत नाही. पहिलीतील क्षार निचऱ्याने धुऊन निघतात, दुसरीला जिप्सम लागते. रसायनशास्त्राने सिद्ध केलेला हा भेद सांगण्यासाठी आजचे मराठी कृषिविज्ञानही हेच शब्द वापरते. ज्यांनी ते घडवले, त्यांचे नाव मात्र कोणत्याही मुखपृष्ठावर नाही.

2009 मध्ये बारामतीजवळ माळेगाव येथे अजैविक ताणांवरील राष्ट्रीय संशोधन संस्था उभी राहिली. क्षारता हा तिच्याही अभ्यासाचा विषय आहे. 2024 मध्ये बारामतीच्या कृषी विकास ट्रस्टच्या ऊसशेतीतील कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रयोगात ऑक्सफर्ड विद्यापीठ व मायक्रोसॉफ्ट सहभागी झाले. शेतातील संवेदक आणि उपग्रहांची छायाचित्रे यांवरून निघालेला सल्ला आता शेतकऱ्याच्या मोबाइलवर मराठीत पोहोचतो. 1910 च्या इंग्रजी पुस्तिकेशी ताडून पाहता हे अंतर मोठे आहे.

तरीही भाषेच्या अध्यापकांना पडणारा प्रश्न उरतोच. सल्ला मराठीत येणे म्हणजे ज्ञान मराठीत घडणे नव्हे. मातीचा नमुना येथून जातो आणि निष्कर्ष अनुवादित होऊन परत येतो, तोवर सहकार्यातील आपली जागा दुसऱ्या नावाचीच राहणार, असे आम्हांस वाटते.