तळटीप : केडगावची उपासना
१२. ‘दिवसभराची उपासना’ : लेखकाचा रोख पुणे-दौंड लोहमार्गावरील केडगाव (ता. दौंड) येथील मुक्ती मिशनकडे आहे. ‘दिवसभर’ म्हटले की वाचकाला प्रार्थनेची अखंड बैठक दिसण्याचा संभव आहे. तसे नव्हते. १८९६-९७च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून निराधार मुली आणि विधवा येथे आणल्या. पुढे गुजरातच्या दुष्काळानंतर वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. एवढ्यांना जेवू घालायचे तर शेती, विणकाम, तेलाचा घाणा चालवणे भागच होते, आणि रमाबाईंच्या लेखी ही कामे प्रार्थनेइतकीच देवाची सेवा होती. १९०५मध्ये येथे मोठी धर्मजागृती झाली. मुली तासन्‌तास मोठ्याने प्रार्थना करीत. परदेशी मंडळींनी या जागृतीचीच वर्णने अधिक केली आहेत. प्रस्तुत संपादकाला छापखाना अधिक बोलका वाटतो. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचे मराठी भाषांतर केले. त्याचे खिळे जुळवणारे हात येथल्याच स्त्रियांचे. त्यांतल्या कित्येकींना इथे येईपर्यंत अक्षरओळखही नव्हती. पुराणिकाच्या घरात संस्कृत शिकलेल्या रमाबाईंनी या कामाला आयुष्याची अखेरची वर्षे दिली. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या निवर्तल्या. संपूर्ण बायबल त्यानंतर, १९२४मध्ये बाहेर पडले. शेजारच्या शिरूरला अमेरिकन मराठी मिशनचे ठाणे होते, तिथेही धर्मशिक्षणाला हस्तकौशल्याच्या शाळेची जोड होती. पण त्याविषयी मूळ ग्रंथातच पुढे येते.