कुंपण लावणारा एक, काढणारा दुसराच



उन्हाळ्यात जुनं कुंपण काढायचं काम बरेच जण गावातल्याच जेसीबीवाल्याला देतात. भाव ठरतो तासावर नाहीतर उक्ता. पण कुंपण काढणं हे लावण्यापेक्षा अवघड काम आहे, हे इतिहास बघितला की कळतं.

इंग्रजांच्या काळात मिठावर कर होता आणि तो मुलखामुलखात वेगवेगळा होता. स्वस्त मीठ चोरून पलीकडं जाऊ नये म्हणून इंग्रजांनी हिंदुस्थानात आडवी जकातीची रेषा आखली. तिच्यावर बारा हजारांच्या आसपास माणसं पहाऱ्याला होती. सिंधू नदीपासून आपल्या खानदेशाला लागून असलेल्या बुऱ्हाणपुरापर्यंत तिला काटेरी कुंपण केलं. आधी नुसते वाळलेले काटे रचले. पण त्याला वाळवी लागायची, वणवा लागायचा, वादळात ते उडून जायचं. मग १८६७ ते १८७० या काळात ॲलन ह्यूम या अधिकाऱ्यानं जिवंत कुंपणावर भर दिला. पुढं १८८५ साली काँग्रेस स्थापन करण्यात पुढाकार घेतला तोच हा ह्यूम. चर खणले, जिथं जमीन हलकी तिथं चांगली माती आणून टाकली आणि बाभूळ, बोर, करवंद, निवडुंग लावलं. काही ठिकाणी ते बारा फुटांपर्यंत वाढलं.

१८७८ च्या सुमारास सरकारनं मुंबई-मद्रासकडचा मिठाचा कर वाढवला आणि उत्तरेकडचा कमी केला. सांभर सरोवराचं मीठ त्याआधीच ताब्यात घेतलं होतं. म्हणजे कर जाग्यावरच मिळायला लागला. १ एप्रिल १८७९ ला रेषा बंद झाली. मीठ आपल्याकडं महाग झालं आणि कुंपण बेवारस पडलं. रॉय मॉक्सहॅम नावाचे इंग्रज लेखक शंभर-सव्वाशे वर्षांनी ते शोधायला आले, तेव्हा इटावा जिल्ह्यात जेमतेम एक तुकडा सापडला.

त्यातल्या निवडुंगाची गोष्ट वेगळीच आहे. हे झाड मूळ अमेरिकेतलं. आपल्याकडं आलं, कुंपणाला लावलं आणि कुंपण सोडून रानात पसरलं. तोडलं तर प्रत्येक फडा परत रुजतो. माणसाच्या हातानं ते हटेना. १७९५ साली लाल रंग करायला म्हणून ब्राझीलमधून एक किडा आणला होता. रंगासाठी तो चुकीचा निघाला, पण एका जातीचा निवडुंग त्यानं फस्त केला. दुसऱ्या जातीसाठी १९२६ साली श्रीलंकेतून त्याच कुळातला दुसरा किडा दक्षिणेत आणला. फड्यावर पांढरा कापूस चिकटल्यासारखा दिसतो आणि चिरडला की लाल रंग निघतो, तोच हा. निवडुंग काढायचा खरा ठेकेदार हाच म्हणायचा.

काटेरी तार मात्र कुठला किडा खात नाही. अमेरिकेत इलिनॉयच्या जोसेफ ग्लिडन या शेतकऱ्यानं १८७४ साली तिचं पेटंट घेतलं. ती गंजते, तुटते आणि मातीत राहते. वैरणीतून तुकडा गाईच्या पोटात गेला तर जाळीदार पोटात अडकतो आणि काळजापर्यंत घुसू शकतो. अशानं जनावर दगावतं.

म्हणून काम गावातल्या माणसाला द्या, पण आधी चार गोष्टी साध्या कागदावर लिहून घ्या. जुनी तार आणि खांब कोणाचे? तारेचे तुकडे वेचायचे कोणी? खांबांचे खड्डे बुजवायचे का? झाडाची खोडं मुळासकट काढायची का? पैसे शेत पायानं फिरून बघितल्यावरच पूर्ण द्या.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, हद्दीचं कुंपण असेल तर शेजाऱ्याला बोलावून, गरज पडली तर सरकारी मोजणी करूनच हात लावा. जमीन महसूल संहिता १९६६ प्रमाणं हद्दीच्या निशाण्या जपायची जबाबदारी आपलीच आहे. जेसीबीला बांध आणि हद्दीचा दगड यातला फरक कळत नाही. तासाभरात दगड जातो आणि भांडण नातवांपर्यंत पुरतं.