संसदेने कार्बनचा बाजार मंजूर केला, इंदापूरच्या उसाला त्यातून काय मिळणार?

गळीत हंगाम सुरू झाला की इंदापूर आणि बारामतीच्या रस्त्यांवर उसाच्या ट्रॉल्या दिसू लागतात. तोड संपलेल्या शेतात गुडघाभर पाचट पडलेलं असतं. काही शेतकरी ते सरीत दाबून खोडवा धरतात. काही जण संध्याकाळी काडी लावतात, कारण पेटवलं की रान एका रात्रीत मोकळं होतं.

गेल्या काही वर्षांत या पाचटाशी एक नवा शब्द जोडला गेलाय, तो म्हणजे कार्बन क्रेडिट. "पाचट जाळू नका, क्रेडिटचे पैसे मिळतील" असे मेसेज आणि रील्स फिरत असतात. मग हे पैसे खरंच मिळतात का? त्याचं उत्तर संसदेने २०२२ मध्ये मंजूर केलेल्या एका कायद्यात आणि त्यानंतर निघालेल्या नियमांत आहे.

संसदेत नेमकं काय झालं?

ऊर्जा संवर्धन (सुधारणा) विधेयक तत्कालीन ऊर्जामंत्री आर. के. सिंह यांनी ऑगस्ट २०२२ मध्ये लोकसभेत मांडलं. ८ ऑगस्टला लोकसभेने आणि १२ डिसेंबरला राज्यसभेने ते मंजूर केलं. १ जानेवारी २०२३ पासून कायदा लागू झाला. २००१ च्या ऊर्जा संवर्धन कायद्यात केलेली ही दुरुस्ती आहे. तिने केंद्र सरकारला कार्बन क्रेडिटच्या खरेदी-विक्रीची योजना आखण्याचा अधिकार दिला.

यामागे भारताने जगाला दिलेली आश्वासनं आहेत. २०२१ मध्ये ग्लासगोच्या हवामान परिषदेत भारताने २०७० पर्यंत 'नेट झिरो' गाठण्याची घोषणा केली. पुढच्या वर्षी आणखी एक लक्ष्य ठरलं. जीडीपीच्या प्रत्येक रुपयामागे होणारं उत्सर्जन २०३० पर्यंत २००५ च्या तुलनेत ४५ टक्क्यांनी कमी करायचं.

वाद कशावर होता?

उत्सर्जन कमी करायला उघड विरोध कोणाचाच नव्हता. विधेयकावर जे आक्षेप आले, ते प्रामुख्याने तीन होते.

पहिला, हे काम कोणत्या मंत्रालयाचं? हवामान बदल हा विषय पर्यावरण मंत्रालयाकडे आहे, विधेयक मात्र ऊर्जा मंत्रालयाने आणलं.

दुसरा, बाजारावर नजर कोण ठेवणार? विधेयकात नियामकाचं नाव नव्हतं. क्रेडिट कसं मोजायचं, कोणाला द्यायचं हेही नव्हतं. म्हणजे चौकट संसदेने मंजूर करायची आणि तपशील नंतर सरकारने राजपत्रात छापायचा.

तिसरा, एकाच कामाचे दोनदा पैसे मिळाले तर? ऊर्जा बचतीची प्रमाणपत्रं आणि अक्षय ऊर्जेची प्रमाणपत्रं आधीपासून बाजारात होती. त्यात तिसरं प्रमाणपत्र आल्यावर एकच बचत दोन ठिकाणी विकली जाण्याची शक्यता होती.

यातल्या काही प्रश्नांची उत्तरं पुढे मिळाली. २८ जून २०२३ ला योजनेची अधिसूचना निघाली. ऊर्जा दक्षता ब्युरो योजना चालवणार, केंद्रीय विद्युत नियामक आयोग खरेदी-विक्रीवर लक्ष ठेवणार आणि ग्रिड कंट्रोलर ऑफ इंडिया प्रमाणपत्रांची नोंदवही सांभाळणार, असं ठरलं. उद्योगांची लक्ष्यं जाहीर करण्याचं काम पर्यावरण मंत्रालयाकडे आलं.

हा बाजार चालतो कसा?

एक प्रमाणपत्र म्हणजे एक टन कार्बन डायऑक्साइड किंवा तेवढीच उष्णता वाढवणारा दुसरा वायू.

उदाहरण कागद गिरणीचं घेऊ. समजा, तिला लक्ष्य मिळालं की एक टन कागदामागे एक टनापेक्षा जास्त उत्सर्जन नको. गिरणीने वर्षात १ लाख टन कागद बनवला आणि टनामागे ०.९५ टनच उत्सर्जन केलं, तर तिला ५,००० प्रमाणपत्रं मिळतील. शेजारच्या गिरणीचं उत्सर्जन टनामागे १.०५ टन झालं, तर तिला तेवढीच प्रमाणपत्रं विकत घ्यावी लागतील. ती घेतली नाहीत, तर बाजारातल्या सरासरी भावाच्या दुप्पट भरपाई द्यावी लागेल.

इथे एक मेख आहे. लक्ष्य टनामागे आहे, एकूण धुरावर नाही. पहिल्या गिरणीने पुढच्या वर्षी १ लाख २० हजार टन कागद काढला, तर तिचं एकूण उत्सर्जन ९५ हजारांवरून १ लाख १४ हजार टनांवर जाईल. तरीही तिला प्रमाणपत्रं मिळतीलच. विकसनशील देशाला उद्योग वाढवायचे आहेत म्हणून ही पद्धत निवडली, असा एक युक्तिवाद आहे. वातावरणाला मात्र एकूण टनच मोजावे लागतात, असा दुसरा.

ऑक्टोबर २०२५ मध्ये ॲल्युमिनियम, सिमेंट, क्लोर-अल्कली आणि कागद या चार क्षेत्रांतल्या २८२ युनिटसाठी लक्ष्यं जाहीर झाली. त्यासाठी २०२३-२४ हे वर्ष पाया धरलंय. कोणत्या युनिटला किती लक्ष्य, हे राजपत्रात नावानिशी छापलं आहे.

साखर कारखाने यात आहेत का?

बंधनकारक योजनेसाठी सुरुवातीला नऊ क्षेत्रं निवडली गेली. वरच्या चारांशिवाय त्यात खत, लोखंड-पोलाद, पेट्रोकेमिकल्स, तेल शुद्धीकरण आणि कापड आहेत. साखर नाही.

इंदापूर तालुक्यात कर्मयोगी, नीरा-भीमा आणि छत्रपती, बारामतीत माळेगाव आणि सोमेश्वर असे सहकारी साखर कारखाने आहेत. नीरा डावा कालवा आणि उजनीच्या पाण्यावर उभं राहिलेलं इथलं अर्थकारण उसाभोवती फिरतं. त्यामुळे इथल्या सगळ्यात मोठ्या उद्योगाला या योजनेचं लक्ष्यही नाही आणि ते गाठल्याचा नफाही नाही.

यामागे हिशेबाचंही कारण आहे. साखर कारखाना मुख्यतः बगॅस जाळतो. बगॅस जळताना निघणारा कार्बन डायऑक्साइड उसाने वाढताना हवेतूनच घेतलेला असतो, म्हणून तो देशाच्या एकूण आकड्यात धरत नाहीत. कोळशाचं तसं नसतं.

मग पाचटाचं काय?

पाचटालाही हाच नियम लागतो. पेटवल्यावर निघणारा कार्बन डायऑक्साइड हिशेबात येत नाही. पण सोबत निघणारे मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड येतात. शिवाय जमिनीत कुजून सेंद्रिय कर्ब वाढवू शकणारा माल राख होतो. एक हेक्टर उसातून साधारण ८ ते १० टन पाचट मिळतं.

पाचट न जाळता खोडवा घेता यावा म्हणून बारामतीजवळच्या माळेगावमधल्या राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्थेने 'सॉर्फ' नावाचं यंत्र तयार केलं आहे. पाचट शेतात असतानाच ते बुडखे छाटतं, बगला फोडतं, जुन्या मुळ्या तोडतं आणि खत मातीआड देतं. म्हणजे काडी न लावण्याची सोय तालुक्याच्या शेजारीच झाली आहे. प्रश्न तिच्या खर्चाचा आहे आणि कार्बन क्रेडिटची आशा नेमकी तिथून येते.

शेतकऱ्यासाठी कायद्यात वाट आहे का?

आहे, पण ऐच्छिक. डिसेंबर २०२३ मध्ये योजनेत दुरुस्ती झाली आणि ज्यांच्यावर लक्ष्याचं बंधन नाही, त्यांनाही प्रकल्प नोंदवून प्रमाणपत्रं मिळवण्याची मुभा मिळाली. त्यासाठी निवडलेल्या क्षेत्रांत शेती आहे. मात्र २०२५ मध्ये मोजणीच्या ज्या पहिल्या आठ पद्धती मंजूर झाल्या, त्यांत उसाच्या पाचटासाठी वेगळी पद्धत नव्हती.

याशिवाय केंद्रीय कृषी मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये शेतीतल्या ऐच्छिक कार्बन बाजाराचा आराखडा जाहीर केला. खासगी संस्था आणि कंपन्या शेतकऱ्यांचे गट करून परदेशी मानकांखालीही प्रकल्प नोंदवतात. गावात येणारा करार बहुतेक वेळा या दुसऱ्या प्रकारचा असतो. संसदेच्या कायद्यातून आलेला बाजार आणि हा बाजार वेगळे आहेत, हे आधी लक्षात घ्यायला हवं.

अडचण कुठे आहे?

पहिली अडचण आकाराची. २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार महाराष्ट्रात सरासरी धारण क्षेत्र १.३४ हेक्टर आहे. एवढ्या रानातून वर्षाला मिळणारी क्रेडिट्स बोटावर मोजण्याइतकी असतात. मोजणी, तपासणी आणि नोंदणीचा खर्च मात्र मोठा. म्हणून शेकडो शेतकरी एकत्र आणणारा मध्यस्थ लागतो आणि त्याचा वाटा आधी निघतो.

दुसरी अडचण जास्त बोचणारी आहे. क्रेडिट 'नव्याने' केलेल्या बदलाला मिळतं. आजवर जाळत होता आणि आता थांबला, तो पात्र ठरू शकतो. दहा वर्षांपासून पाचट कुजवणाऱ्याला सांगितलं जातं की तुम्ही हे आधीच करत होता, त्यामुळे नवीन काही घडलं नाही. बाजाराच्या नियमात हे बसतं. गावातल्या न्यायात बसत नाही.

तिसरी अडचण भावाची. कारखान्यांसाठीच्या ऊर्जा बचत प्रमाणपत्रांचा बाजार २०१७ मध्ये सुरू झाला, तेव्हा भाव १,२०० रुपयांपासून २०० रुपयांपर्यंत हलला. मागणीपेक्षा माल जास्त झाला की असंच होतं. उद्योगांची लक्ष्यं सैल ठेवली, तर विकत घेणारेच कमी राहतील आणि शेतकऱ्याच्या क्रेडिटलाही भाव मिळणार नाही.

सही करण्याआधी काय विचारायचं?

• करार किती वर्षांचा आहे? मध्येच जमीन विकली किंवा पीक बदललं तर काय?
• विक्रीच्या रकमेत शेतकऱ्याचा वाटा किती? तो खर्च वजा करण्याआधी की नंतर?
• प्रकल्प कोणत्या मानकाखाली नोंदवला आहे आणि नोंदणी क्रमांक काय?
• त्याच जमिनीवर दुसऱ्या कोणाचा प्रकल्प नोंदवला गेला आहे का?
• एखाद्या वर्षी नाइलाजाने पाचट जाळावं लागलं, तर दंड आहे का?
• कराराची प्रत मराठीत मिळेल का?

आता पुढे काय?

कायदा झाला असला तरी त्यातले महत्त्वाचे निर्णय अजूनही अधिसूचनांमधून होत आहेत. उद्योगांच्या लक्ष्यांचा मसुदा एप्रिल २०२५ मध्ये आला, तेव्हा हरकतींसाठी ६० दिवसांची मुदत होती. अशी हरकत कोणीही नोंदवू शकतं, साखर कारखाना, शेतकरी उत्पादक कंपनी किंवा एखादी ग्रामपंचायतसुद्धा. पाचटाची मोजणी कशी करायची आणि आधीपासून न जाळणाऱ्याला काय द्यायचं, हे दोन प्रश्न तिथे मांडता येतात. ते मांडले गेले नाहीत, तर त्यांची उत्तरं ऊस न पाहिलेली माणसं ठरवतील.