ए ड्राइव्ह ते पेनड्राइव्ह

२०२५ च्या दिवाळीनंतरच्या एका रविवारी भोसरीला मामाच्या वर्कशॉपवर गेलो होतो. आपल्या एमआयडीसीची सुट्टी गुरुवारी, त्यामुळे रविवारी तिथे लेथचा आवाज जोरात असतो. चहा येईपर्यंत मामा म्हणाला, "अरे, तुझं लक्ष आहे का? या कॉम्प्युटरचं आयुष्य संपलं म्हणतात."

झालं होतं असं. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. मामाच्या ऑफिसातलं मशिन दहा-अकरा वर्षांचं, ४ जीबी रॅमचं. पार्ट्सवाला म्हणाला, नवीन घ्या. पण मामाचं काम काय? चलन छापणं, ईमेलवर आलेली ड्रॉइंग्ज उघडणं आणि हिशेब. एवढ्यासाठी चाळीस-पन्नास हजार घालायचे म्हणजे जॉबवर्कवाल्या माणसाच्या पोटात गोळा येतोच ना!

माझ्या किल्ल्यांच्या जुडग्यात लिनक्स मिंटचा पेनड्राइव्ह होता. म्हटलं, "मामा, यावरून चालू करून बघू." मामा दचकलाच. "माझी ड्रॉइंग्ज उडाली तर?"

या प्रश्नाचं उत्तर द्यायचं तर थोडं मागे जावं लागतं.

ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे हार्ड डिस्कवर पक्की बसवलेली गोष्ट, ही आपली समजूत तशी अलीकडचीच. १९८१ च्या ऑगस्टमध्ये आयबीएम पीसी आला तेव्हा त्यात हार्ड डिस्क नव्हतीच. ए ड्राइव्हमध्ये १६० केबीची फ्लॉपी घालायची, डॉस मेमरीत चढायचं आणि मग काम सुरू. सिस्टिम खिशात घालून नेता यायची! १९८३ मध्ये पीसी एक्सटीबरोबर १० एमबीची हार्ड डिस्क आली, आणि हळूहळू सिस्टिम घरजावई झाली. एकदा बसली की हलवायची म्हणजे सगळं घर रिकामं करायचं.

मग नवीन सिस्टिम नुसती वापरून बघायची तर? १९९२ च्या अखेरीस 'इग्ड्रासिल' नावाचं लिनक्स सीडीवर आलं आणि ते सीडीवरूनच चालवताही यायचं. पण सुरुवात करायला फ्लॉपी लागायचीच, कारण थेट सीडीवरून बूट कसं व्हायचं हे ठरलेलंच नव्हतं. ते ठरलं १९९५ मध्ये. फिनिक्स आणि आयबीएमच्या लोकांनी त्या मानकाला 'एल टोरिटो' असं एका मेक्सिकन रेस्टॉरंटचं नाव दिलं. (आपल्याकडे ठरलं असतं तर 'मिसळ' मानक झालं असतं :-)

खरी मजा २००० साली आली. जर्मनीतल्या क्लाउस क्नॉपर यांनी 'नॉपिक्स' काढलं. ७०० एमबीच्या सीडीवर दाबून बसवलेलं जवळपास दोन जीबीचं सॉफ्टवेअर. लागेल तेवढं सीडीवरून उलगडून वाचायचं आणि जे लिहायचं ते रॅममध्ये. मशिन बंद केलं की पाटी कोरी. हार्ड डिस्कला हात लावायचं कारणच नाही. २००४ मध्ये उबुंटू आलं आणि त्यांनी जगभर फुकट सीड्या पोस्टाने पाठवल्या. सुरुवातीच्या त्या पाकिटात दोन चकत्या असायच्या, एक बसवायची आणि एक नुसती चालवून बघायची. २००६ च्या ६.०६ आवृत्तीपासून दोन्ही एकाच सीडीवर आलं. आधी बघा, पटलं तर बसवा. ही सीड्यांची सोय २०११ मध्ये बंद झाली. तोवर पेनड्राइव्ह स्वस्त झाले होते आणि सीडीची खरखर संपली होती.

यात आपल्या गावाचाही वाटा आहे बरं का. 'श्रीलिपी'वाल्या पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने बनवलेले 'लोहित' फॉन्ट रेड हॅटने २००४ मध्ये मुक्त परवान्याखाली खुले केले. लिनक्सवर फुकट मराठी अक्षरं दिसायला त्याची मोठीच मदत झाली. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकने 'बॉस' नावाचं भारतीय भाषांचं लिनक्सही काढलं.

असो. तर मी मामाला एवढंच सांगितलं, "आपण लेथवर ट्रायल पीस काढतो ना, तसं समज. 'इन्स्टॉल'वर मी क्लिक करणार नाही, आणि तुझ्या डिस्कवर काही लिहिणार नाही." एफ १२ दाबलं, पेनड्राइव्ह निवडला. दोनेक मिनिटांत डेस्कटॉप आला. प्रिंटरने चलन छापलं. ड्रॉइंगच्या पीडीएफ उघडल्या. भाषा मराठी केल्यावर मामा मेनू मोठ्याने वाचू लागला.

मग अडलं. हिशेबाचं सॉफ्टवेअर आणि सीएनसीला प्रोग्रॅम पाठवायचं जुनं सॉफ्टवेअर, दोन्ही फक्त विंडोजवर चालणारी. दुसऱ्या मार्गाने चालवायचे प्रयत्न केले, भरवसा वाटला नाही. इथेच मला या प्रकाराची खरी किंमत कळली. उत्साहाच्या भरात थेट बसवलं असतं तर सोमवारी मशिन थांबलं असतं, आणि चाकणला जाणारा माल अडकला असता. एका भाच्याच्या हौसेपायी!

शेवटी ठरलं ते असं. मामाकडचं हे मशिन इंटरनेट काढून विंडोजवरच राहील, फक्त हिशेब आणि सीएनसीसाठी. माळ्यावर पडलेला जुना लॅपटॉप खाली काढला. त्यावर आधी पेनड्राइव्हवरून आठवडाभर काम करून बघायचं ठरवलं. ईमेल, बँक, ड्रॉइंग्ज सगळं तिकडे. गुरुवारी सुट्टी होती तेव्हा जाऊन, आधी सगळ्या फायलींचा बॅकअप घेऊन, मग लिनक्स बसवलं.

नवीन मशिनचा खर्च तूर्त टळला. मामाने मात्र पेनड्राइव्ह परत दिला नाही. शेजारच्या गाळ्यातल्या काकांना दाखवायचाय म्हणे.