विश्लेषण : मॉस्कोतील भुयारी मेट्रो स्थानकाच्या छतावरून स्टालिन कसे गायब झाले?

पिवळे छत, पांढरे नक्षीकाम, भलीमोठी झुंबरे आणि सोनेरी मोझेक चित्रे. पहिल्यांदा पाहणाऱ्याला हा एखाद्या राजवाड्यातला दरबार वाटेल. प्रत्यक्षात हे रशियाची राजधानी मॉस्को येथील कोमसोमोल्स्काया हे मेट्रो स्थानक आहे, जमिनीखाली सुमारे ३७ मीटर खोल. त्याच्या छताने सोव्हिएत राजकारणातील उलथापालथही पाहिली आहे.

हे स्थानक इतके भव्य का?

मॉस्को मेट्रो १५ मे १९३५ रोजी सुरू झाली, तेव्हाच या चौकाखाली एक स्थानक होते. मात्र वर लेनिनग्राडस्की, यारोस्लाव्हस्की आणि कझान्स्की अशी तीन मोठी रेल्वे टर्मिनस आहेत. सैबेरियातून येणारी गाडीही इथेच थांबते. म्हणजे बाहेरगावच्या लाखो प्रवाशांना राजधानीचे पहिले दर्शन इथे घडायचे. त्यामुळे वर्तुळाकार मार्गिकेवरचे नवे स्थानक प्रशस्त आणि डोळे दिपवणारे बांधण्यात आले. ते ३० जानेवारी १९५२ रोजी खुले झाले.

ते कोणी घडवले?

वास्तुरचनाकार होते अलेक्सेई श्चुसेव्ह. वरचे कझान्स्की टर्मिनस आणि लेनिन यांची समाधीही त्यांचीच. स्थानक पूर्ण झालेले मात्र त्यांना पाहता आले नाही. १९४९ मध्ये त्यांचे निधन झाले. छताला ६८ अष्टकोनी संगमरवरी खांबांचा आधार आहे. त्यावरील आठ मोझेक चित्रांचे आराखडे पावेल कोरिन यांनी केले. ते मूळचे देवचित्रे रंगवणाऱ्या घराण्यातले.

चित्रांत काय आहे?

७ नोव्हेंबर १९४१ रोजी जर्मन फौजा मॉस्कोच्या जवळ आल्या असताना स्टालिन यांनी रेड स्क्वेअरवर भाषण केले. अलेक्झांडर नेव्हस्की, दिमित्री दोन्स्कोय, मिनिन, पोझार्स्की, सुव्होरोव्ह, कुतुझोव्ह या पूर्वजांपासून प्रेरणा घ्या, असे आवाहन त्यांनी सैनिकांना केले होते. तीच नावे छतावर चित्ररूपाने आली. पुढे दुसऱ्या महायुद्धातील विजयही आला.

मग बदल का करावे लागले?

विजय संचलनाच्या चित्रात स्टालिन आणि त्यांचे सहकारी होते. १९५३ मध्ये स्टालिन यांचे निधन झाले. त्याच वर्षी त्यांचे गुप्त पोलीसप्रमुख बेरिया यांना मृत्युदंड देण्यात आला. नंतर इतर काही नेत्यांचीही सत्तेतून गच्छंती झाली. जसजसे नेते पायउतार होत गेले, तसतसे चित्रातले चेहरेही काढले गेले. १९५६ मध्ये ख्रुश्चेव्ह यांनी स्टालिन यांच्या व्यक्तिपूजेवर टीका केली, तर १९६१ मध्ये त्यांचा मृतदेह लेनिन यांच्या समाधीतून हलवण्यात आला. अखेर छतावरूनही ते गेले. त्यांच्या जागी मातृभूमीचे प्रतीक असलेली स्त्री आली, तर दुसऱ्या एका चित्रात लेनिन आले.

आज काय स्थिती आहे?

स्थानक आजही रोजच्या वापरात आहे. सामान घेऊन धावणारे प्रवासी आणि मान वर करून पाहणारे पर्यटक एकाच फलाटावर असतात. त्यांच्या डोक्यावरचे नेव्हस्की-कुतुझोव्ह जागेवरच राहिले, कारण शतकांपूर्वीचे हे वीर सत्ताधाऱ्यांना अडचणीचे नव्हते. काढावे लागले ते ज्यांनी हे स्थानक बांधून घेतले, त्यांचेच चेहरे.