संचलनातली एक पाटी : नौरू ऑलिंपिक समितीची वाटचाल

प्रशांत महासागरात, विषुववृत्ताच्या अगदी खाली नौरू नावाचे बेट आहे. क्षेत्रफळ २१ चौरस किलोमीटर. मुंबईचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान त्याच्या जवळपास पाचपट मोठे आहे. लोकसंख्या बारा हजारांच्या आसपास. बेटाला फेरी मारणारा एकच मुख्य रस्ता असून गाडीने अर्ध्या तासात माणूस निघालेल्या ठिकाणी परत येतो. या देशाला अधिकृत राजधानीसुद्धा नाही. ऑलिंपिक समिती मात्र आहे आणि तिची हकीकत एका माणसाच्या अडचणीतून सुरू होते.

३१ जानेवारी १९६८ रोजी नौरू स्वतंत्र झाला. फॉस्फेटच्या खाणींमुळे पुढची काही वर्षे हा जगातील सर्वांत श्रीमंत देशांपैकी एक गणला जात होता. पैसा होता, पण खेळाची जागा नव्हती. बेटाचा मधला बहुतेक भाग खाणींनी पोखरलेला. तेथे उरले होते ते चुनखडीचे उघडे सुळके. ऑस्ट्रेलियन पद्धतीचा फुटबॉल हा नौरूवासीयांचा लाडका खेळ. तो ज्या लिंकबेल्ट मैदानावर खेळला जातो, तेथे हिरवळ नाही, फॉस्फेटची पांढुरकी धूळ आहे. अशा भूमीत भारोत्तोलन रुजले, यात नवल नाही. त्याला लागतो चार मीटर बाय चार मीटरचा मंच, वीस किलोची पोलादी दांडी आणि काही चकत्या. छप्पर असले की भागते.

ऑस्ट्रेलियात शिकत असताना मार्कस स्टीफन हा तरुण या खेळाकडे वळला. १९९०च्या ऑकलंड राष्ट्रकुल स्पर्धेत नौरूने पहिल्यांदा भाग घेतला, तो त्याच्याच बळावर. त्याने एक सुवर्ण आणि दोन रौप्यपदके मिळवली. साहजिकच बेटाला बार्सिलोना ऑलिंपिकचे वेध लागले. तेव्हा लक्षात आले, की ऑलिंपिकमध्ये प्रवेश राष्ट्रीय ऑलिंपिक समितीमार्फतच मिळतो आणि नौरूला मान्यताप्राप्त समितीच नाही! १९९२मध्ये स्टीफनने सामोआचे नागरिकत्व घेतले आणि त्या देशाचा गणवेश घालून तो मंचावर उतरला. त्याचा नववा क्रमांक आला. वजन उचलले नौरूच्या मुलाने, नोंद झाली सामोआच्या नावावर. समितीची निकड बेटाला याहून नेमक्या शब्दांत कोणी पटवून देऊ शकले नसते.

समिती उभारण्याचे काम १९९१पासूनच सुरू झाले होते. व्हिन्सन डेटेनामो यांच्यासारखी जाणती मंडळी त्यात अग्रभागी होती. ऑलिंपिक सनदेनुसार अशा समितीला किमान पाच खेळांच्या राष्ट्रीय संघटना लागतात आणि त्यांपैकी प्रत्येक संघटना आपापल्या आंतरराष्ट्रीय महासंघाशी संलग्न असावी लागते. मोठ्या देशाला ही अट किरकोळ वाटेल. एखाद्या मध्यम गावाएवढ्या समाजात मात्र पाच खेळांचे पदाधिकारी, पंच आणि प्रशिक्षक उभे करायचे, म्हणजे त्याच त्या माणसांनी नोकरी-व्यवसाय सांभाळून दोन-दोन, तीन-तीन कामे अंगावर घेणे आले. ती घेतली गेली. १९९४ साली आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने नौरूला मान्यता दिली. संयुक्त राष्ट्रसंघाचे सदस्यत्व त्यानंतर पाच वर्षांनी, १९९९ साली मिळाले. जगाच्या पटावर हे बेट खेळाच्या दारातून आधी आले, असे म्हणायला हरकत नाही.

१९९६च्या अटलांटा स्पर्धेत नौरूचे पहिले पथक उतरले. स्टीफन, जेरार्ड गाराब्वान आणि क्विन्सी डेटेनामो असे तीन भारोत्तोलक त्यात होते. ऑस्ट्रेलियन प्रशिक्षक पॉल कॉफा यांनी या पिढीवर घेतलेले कष्ट येथे नोंदवलेच पाहिजेत. सिडनीत २०००मध्ये शीवा पेओ ही देशाची पहिली महिला ऑलिंपिकपटू ठरली. २००२च्या मँचेस्टर राष्ट्रकुल स्पर्धेत रीआना सॉलोमनने सुवर्णपदक पटकावले. स्टीफनच्या खात्यावर तोवर राष्ट्रकुलची सात सुवर्ण आणि पाच रौप्यपदके जमा झाली होती.

नंतरचा काळ कसोटीचा होता. फॉस्फेट संपत आले, गुंतवणुका बुडाल्या आणि देश कर्जात रुतला. डिसेंबर २००५मध्ये राष्ट्रीय विमान कंपनीचे एकुलते एक विमान धनकोंनी जप्त केले. ज्या बेटावरून कोणत्याही स्पर्धेला जायचे तर आधी समुद्र ओलांडावा लागतो, तेथे या घटनेचा अर्थ वेगळा सांगायला नको. तरीही तीनच महिन्यांनी, मार्च २००६च्या मेलबर्न राष्ट्रकुल स्पर्धेत नौरूचे खेळाडू हजर होते.

डिसेंबर २००७मध्ये मार्कस स्टीफन देशाचे राष्ट्राध्यक्ष झाले. २००८च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये नौरूचा एकच खेळाडू होता, तो म्हणजे १०५ किलोंवरील गटातला इट्टे डेटेनामो. त्याने दहावा क्रमांक मिळवला. राष्ट्राध्यक्ष माजी ऑलिंपिकपटू आणि पथक एका माणसाचे, असा योग दुसऱ्या कुठल्या देशाच्या वाट्याला क्वचितच आला असेल. २०१०च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत युकिओ पीटरने ७७ किलो गटात सुवर्ण, तर इट्टेने रौप्यपदक जिंकले आणि भारतीय प्रेक्षकांनाही या बेटाची ओळख झाली. पुढे स्टीफन यांनी समितीचे अध्यक्षपदही भूषवले.

केवळ एका खेळावर विसंबून चालणार नाही, हे समितीने ओळखले होते. २०१२ साली लंडनमध्ये स्लेड डोवाबोबो ज्युदोत उतरला. २०१६च्या रिओ स्पर्धेत भारोत्तोलक एल्सन ब्रेख्टेफेल्डच्या जोडीला ज्युदोपटू ओविनी उएरा होता. टोकियोत भारोत्तोलक नॅन्सी जेन्झेल अबूकेबरोबर जोना हॅरिस १०० मीटर धावला. छोट्या देशांसाठी राखून ठेवलेल्या जागा आणि ऑलिंपिक सॉलिडॅरिटी या निधीतून मिळणारे साहाय्य यांचा येथे मोठा आधार असतो. पण त्यासाठीचे अर्ज, उत्तेजक चाचण्यांची नियमावली, व्हिसा, गणवेश ही सारी कामे मूठभर माणसांनाच निभवावी लागतात. पदकाच्या बातमीत ती कधी येत नाहीत.

एक सल मात्र मान्य करायला हवा. नौरूत जन्मलेल्या करिझ्मा अमो-टॅरंटने २०१८च्या गोल्ड कोस्ट राष्ट्रकुल स्पर्धेत मायदेशाला रौप्यपदक मिळवून दिले, पण टोकियो ऑलिंपिकमध्ये ती ऑस्ट्रेलियाकडून उतरली. १९९२मध्ये खेळाडू परक्या गणवेशात गेला, कारण घरी समिती नव्हती. आता समिती आहे, पण मोठ्या देशाच्या सोयीसुविधांशी तिची बरोबरी होणे कठीण. तक्रार न करता ती नव्या मुलींना मंचावर आणत राहिली. २०२२मध्ये बर्मिंगहॅमला मॅक्सिमिना उएपाने कांस्यपदक मिळवले.

२६ जुलै २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकचे संचलन मैदानाऐवजी सीन नदीतून, नौकांवरून झाले. नौरूचा ध्वज धावपटू विन्झार काकिओउएआच्या हाती होता. त्याच्या पथकात दुसरा खेळाडू नव्हता. नौरूच्या ऑलिंपिक पदकांचा रकाना अजून कोरा आहे. १९९६पासून झालेल्या आठही उन्हाळी ऑलिंपिकमध्ये मात्र त्याचे खेळाडू उतरले आहेत, आणि तेही स्वतःच्याच ध्वजाखाली.